कुत्रं गेलं, तर रडायचं कुठे?

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माणूस गेल्याची बातमी आली की दोन मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ छापील असते, पण येते. किती वाजता नेणार, असं कोणीतरी विचारतं. शेजारून चहाचा थर्मास येतो, पोळीभाजीचा डबा येतो. ज्यांचं आयुष्यात कधी पटलं नाही ते शेजारीसुद्धा दारात येऊन पाच मिनिटं गप्प बसतात. आपल्या समाजाची ही चांगली सवय आहे.

आता त्याच ग्रुपवर कोणी लिहिलं, ‘आमचा ब्रूनो आज पहाटे गेला’, तर काय होतं? आठवून बघा. दोन-तीन कुत्रेवाले हात जोडतात. एक जण ‘अरेरे’ लिहितो. चौथ्या मेसेजला पाण्याच्या टँकरचा विषय सुरू. एखादा महाभाग ‘चला, आता लिफ्टला वास येणार नाही’ असं टाकतो आणि पुढे हसरा चेहरा. मग कोणीतरी डोळे वटारल्यावर डिलीट करतो. ज्याच्या घरातलं गेलं, त्याने तोपर्यंत वाचलेलं असतं.

आज याच विषयावर लिहितोय. गटार, खड्डे, पाणी, लोकल यांवर नेहमी लिहितोच, तुम्ही वाचताही. ‘पत्रकारसाहेब, आता कुत्र्यांवर?’ असं काही जण म्हणतील. हो, कुत्र्यांवर. कारण माझ्या मते हा सार्वजनिक प्रश्न आहे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत आपल्या पट्ट्यात किती घरांत कुत्रं आहे ते सकाळी सहाला रस्त्यावर उतरलात की कळतं. आणि कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं, फार तर पंधरा. म्हणजे यातल्या प्रत्येक घरात तो दिवस येणारच आहे. त्या दिवशी त्या घराचं काय होतं, शेजार काय करतो आणि महापालिका काय करते, हे तिन्ही प्रश्न आपण आजवर धड विचारलेलेच नाहीत.

आमच्याकडे मोत्या होता. 2011 च्या जुलैमध्ये, धो धो पावसात, उभ्या टेम्पोखाली कुडकुडत सापडलेलं गावठी पिल्लू. मुलीला त्याचं नाव इंग्रजी ठेवायचं होतं. आई म्हणाली, ‘कुत्र्याचं नाव मोत्या असतं.’ विषय संपला. मला रात्री काम संपवून घरी यायला साडेबारा-एक व्हायचा. घरातले सगळे झोपलेले. मोत्या मात्र जिन्यातली माझी चप्पल ओळखायचा. भुंकायचा नाही, दाराला नाक लावून नुसतं फुसफुसायचा, म्हणजे मी किल्ली काढेपर्यंत त्याला धीर नसायचा. तेरा वर्षं हे चाललं. शेवटी किडनी गेली. दीड महिना सलाईन, औषधं, मग खाणं बंद, मग उठणं बंद.

तो गेला त्या दिवशी दुपारी मी महासभेच्या वार्तांकनाला होतो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पण ‘कुत्रा गेला म्हणून सुट्टी हवी’ हे वाक्य आपल्याकडे मोठ्याने उच्चारता येत नाही. आजी वारली म्हणून सुट्टी मिळते. काहींच्या आज्या तर तीन-तीनदा वारतात, तरी मिळते. कुत्र्यासाठी ताप आला असं सांगावं लागतं.

आणि दुःख कुठून येतं बघा. मोठ्या प्रसंगातून नाही येत. चपाती करताना शेवटची लहान चपाती वेगळी काढायला बायकोचा हात आपोआप जातो आणि तिथेच थांबतो. रात्री दार उघडताना मी अजून सावकाश उघडतो, कारण दारामागे कोणीतरी आहे अशी तेरा वर्षांची सवय. फटाके वाजले की सगळ्यांची नजर पलंगाखाली जाते. कुत्रं गेल्यावर घराचं वेळापत्रक गेलेलं असतं. दिवसात वीस ठिकाणी त्याची जागा असते आणि त्या वीसही ठिकाणी रोज ठेच लागते.

आमच्या मागच्या गल्लीतले एक काका आहेत. पत्नी गेली, मुलगा पुण्याला. त्यांची लॅब्रेडोर होती. पहाटे साडेपाचला तिला घेऊन भागशाळा मैदानाकडे जायचे. वाटेत दूधवाला, पेपरवाला, दोन निवृत्त बँकवाले, चहाची टपरी. तासभर. ती गेली आणि काकांचं फिरणं बंद झालं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘एकट्याने कुठे फिरू? लोक विचारतात, ती कुठाय म्हणून.’ म्हणजे एका कुत्रीबरोबर या माणसाचं फिरणं गेलं, चहा गेला, ओळखी गेल्या, दिवसातलं बोलणंच गेलं. मुलगा फोनवर म्हणतो, ‘बाबा, दुसरी घेऊन देतो.’ काका म्हणतात, ‘माझं वय अठ्ठ्याहत्तर. ती मागे राहिली तर?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

अमेरिकेतले दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये एक कल्पना मांडली. काही दुःखं अशी असतात की ती खरी असतात, पण समाज त्यांना मान्यता देत नाही. त्यांना विधी नाही, सुट्टी नाही, भेटायला येणारे नाहीत. अशा दुःखाचा त्रास दुप्पट, कारण माणूस रडतोही आणि रडण्याची लाजही बाळगतो. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचं अगदी नेहमीचं उदाहरण. आपल्या भाषेत सांगायचं तर हे चोरून रडायचं दुःख. बाथरूमचा नळ सोडून रडायचं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे असं समजून बोलू. ‘इथे लोकलमधून पडून माणसं मरतात, शेतकरी मरतात, आणि तुम्हाला कुत्र्याचं पडलंय.’ मुंब्र्याजवळ 9 जून 2025 ला लोकलमधून माणसं पडून मेली, त्यावर आपण सगळे हळहळलो आणि संतापलो. पण दुःख म्हणजे रेशनचं धान्य नव्हे, की कुत्र्याला दिलं म्हणून माणसाला कमी पडलं. माझा अनुभव उलटा आहे. ज्या घरात पोराने आजारी कुत्र्याला चमच्याने पेज भरवलेली असते, त्या घरात उद्या आजी अंथरुणाला खिळली तर तेच पोर न सांगता चमचा हातात घेतं.

दुसरा आक्षेप, ‘ही पाश्चात्त्य थेरं आहेत, आपल्याकडे असलं काही नव्हतं.’ इथे मात्र मला वाद घालायचाय.

आपल्या खंडोबाबरोबर कुत्रा आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना आपण वेद मानतो. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. महाभारताचा शेवट आठवा. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले, युधिष्ठिराबरोबर उरलं ते एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड आणि चल. युधिष्ठिर म्हणाला, मग मला स्वर्ग नको. एवढ्या मोठ्या ग्रंथात धर्मराजाची शेवटाकडची परीक्षा कुत्र्यावरून घेतली आहे. हे व्यासांनी कोणत्या पाश्चात्त्य देशातून आणलं?

आणि नुसतं पुराण कशाला, इतिहास घ्या. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. महाराजांनी त्याला जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मान दिला, हे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवलंय. त्या खंड्याची समाधी कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला आहे. कधी साताऱ्याला गेलात तर बघून या. अठराव्या शतकातला मराठ्यांचा छत्रपती आपल्या कुत्र्यासाठी दगडाची समाधी बांधू देतो आणि एकविसाव्या शतकातला आपला शेजारी म्हणतो, ‘एवढं काय त्यात?’

रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून 2012 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये महाराष्ट्रात किती वातावरण तापलं ते सगळ्यांना माहीत आहे. ती कथा इतिहासात बसते की नाही, ते इतिहासाच्या अभ्यासकांनी पुराव्याने ठरवावं. ते भांडण कृपया इथे आणू नका. मला एवढंच दिसतं की एका कुत्र्याच्या स्मारकावर अख्खं राज्य पोटतिडकीने बोलू शकतं. म्हणजे विषय आपल्याला परका नाही.

अगदी अलीकडचं बघा. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या ‘जंजीर’ नावाच्या लॅब्रेडोरने तीन हजार किलोंपेक्षा जास्त आरडीएक्स शोधून दिलं. 2000 साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. फुलांनी झाकलेल्या त्या कुत्र्याला अधिकारी पुष्पचक्र वाहतोय, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या फोटोला कोणी हसलं नाही. जंजीरने शहर वाचवलं म्हणून आपण त्याला मान दिला. घरातल्या कुत्र्याने शहर वाचवलेलं नसतं. त्याने एखाद्या म्हाताऱ्याची पहाट वाचवलेली असते, एखाद्या दहावीतल्या पोराचं परीक्षेचं वर्ष वाचवलेलं असतं. त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

आणि ही माया जुनी म्हणजे किती जुनी? जर्मनीत बॉन शहराजवळ 1914 मध्ये एक दफन सापडलं. सुमारे 14 हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक लहान कुत्रं. नंतर त्याच्या दातांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्या पिल्लाला डिस्टेंपरसारखा जबर आजार झाला होता आणि माणसाने शुश्रूषा केल्याशिवाय ते आठवड्यामागून आठवडे जगलंच नसतं. त्या काळात शेती नव्हती, गाव नव्हतं. आजारी पिल्लाचा कोणालाही काडीचा उपयोग नव्हता. तरी कोणीतरी त्याला पाणी पाजलं, स्वच्छ केलं आणि शेवटी आपल्याबरोबर पुरलं.

आता येतो आपल्या शहरावर. कारण खरी अडचण इथे आहे.

जुन्या डोंबिवलीत, जुन्या ठाण्यात, कल्याणच्या वाड्यांमध्ये कुत्रं गेलं की काय करायचे? मागच्या अंगणात, आंब्याखाली किंवा पारिजातकाखाली खड्डा. घरातला पुरुष कुदळ घ्यायचा, पोरं फुलं टाकायची, आजी वरून चिमूटभर हळद. संपलं. कोणी त्याला अंत्यविधी म्हणत नव्हतं, पण तो अंत्यविधीच होता. वर्षभराने त्या जागेवर एखादं झाड जोमाने वाढायचं आणि पोरांना सांगितलं जायचं, इथे आपला वाघ्या आहे.

ते अंगण आज कुठे आहे? बंगला पाडून चार मजली झाली, चार मजली पाडून टॉवर येतोय. घोडबंदर रोडला, खडकपाड्याला, पलावाला जा. पोडियमवर गार्डन आहे, पण त्याच्याखाली माती दोन फूट आणि त्याखाली पार्किंगचा स्लॅब. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. ठाणे महापालिका 1982 ची, कल्याण-डोंबिवलीची 1983 ची. 2011 च्या जनगणनेतच ठाणे 18 लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली 12 लाखांवर होतं. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही रोज बघताय. एवढ्या माणसांनी कुत्री पाळली, मांजरं पाळली आणि त्यांना पुरायला हातभर माती ठेवली नाही.

मग रात्री अकराला कुत्रं गेलं की घरात काय होतं, ते मी पाहिलंय. बाप फोनवर फोन करतोय. एक म्हणतो सकाळी बघू, दुसरा म्हणतो आमच्याकडे येत नाही, तिसरा नंबर लागतच नाही. रिक्षावाला मागच्या सीटवरची चादर बघून नाही म्हणतो. मुलगी कुत्र्याच्या अंगावर पंखा लावून बसलीय आणि आई फ्रिजमधला बर्फ काढतेय. शेवटी कोणीतरी ओळखीचा टेम्पोवाला मिळतो. काही जण गोणीत बांधून खाडीच्या बाजूला कुठेतरी ठेवून येतात. त्यांना निर्दयी म्हणायची माझी हिंमत होत नाही. तेरा वर्षं ज्याला मांडीवर घेतलं त्याला गोणीत घालणारा माणूस निर्दयी नसतो, हतबल असतो.

कायद्याची भाषाही बघण्यासारखी आहे. मुंबई महापालिकेचा कायदा 1888 चा. त्याच्या 385 व्या कलमानुसार मेलेली जनावरं हलवण्याची व्यवस्था करणं हे आयुक्तांचं कर्तव्य आहे. जिथे जनावर मेलं तिथल्या राहणाऱ्याने तीन तासांत, रात्री मेलं तर सूर्योदयानंतर तीन तासांत, पालिकेच्या आरोग्य विभागाला कळवायचं. तो जमाना घोड्यांच्या ट्रामचा होता. रस्त्यात घोडा, बैल मरायचे, रोगराईची भीती होती. त्या काळासाठी कलम शहाणपणाचंच. पण सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरही आपली नजर तीच राहिली. सरकारी कागदावर शब्द असतो ‘विल्हेवाट’. कचऱ्याची विल्हेवाट, राडारोड्याची विल्हेवाट आणि मोत्याची विल्हेवाट. भाषेनेही आधीच ठरवून टाकलंय. कोणाला शाप द्यायचा तर आपण म्हणतो, ‘कुत्र्याच्या मौतीनं मरशील’. म्हणजे बेवारस, कोणी न विचारता.

हे बदलता येतं. मुंबई महापालिकेने 2023 मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात तर एकोणिसाव्या शतकापासून जनावरांवर उपचार होतायत, आणि आपल्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं आजारी कुत्रं घेऊन अजूनही तिथवर जातात. म्हणजे इच्छा असेल तर व्यवस्था उभी राहते, टिकतेही.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांकडे आणि आपापल्या नगरसेवकांकडे आपण काय मागायचं ते साध्या शब्दांत लिहितो.

एक, प्राण्यांच्या दहनाची किंवा दफनाची शहरात ठरलेली जागा असावी आणि तिचा पत्ता प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या व जनावरांच्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ठळक लावलेला असावा. वेळ आल्यावर शोधावा लागतो तो पत्ता उपयोगाचा नसतो.

दोन, एकच फोन नंबर, जो रात्रीही उचलला जाईल.

तीन, प्राण्याला न्यायला वेगळी गाडी. कचऱ्याची गाडी नको. सफाई कामगारावरही तो अन्यायच आहे. त्याला हातमोजे, मास्क, स्ट्रेचर द्या.

चार, घरच्यांना दहा मिनिटं उभं राहू द्यावं. एवढंच. मंडप नको, गुरुजी नको. ज्याला फूल वाहायचंय त्याला वाहू दे, ज्याला दुआ मागायचीय त्याला मागू दे.

पाच, दर ठरलेला असावा आणि पावती मिळावी. दुःखातल्या माणसाशी घासाघीस करून पैसे उकळणं यासारखं वाईट काही नाही.

यासाठी उड्डाणपुलाइतका पैसा लागत नाही. एक शेड, एक भट्टी, एक गाडी, चार माणसं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल बोललो नाही तर हा लेख अर्धवट राहील. चावे खरे आहेत. रेबीज झाला की माणूस जवळपास वाचतच नाही, हेही खरं आहे. ज्या आईच्या पोराला कुत्र्याने फाडलंय तिला प्राणिप्रेमावर व्याख्यान देऊ नये. 2023 च्या केंद्राच्या नियमांत निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथे सोडायचं असं आहे. 2025 च्या ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर आदेश दिले, शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हलवायला सांगितली. त्यावर बाजू-विरोध भरपूर झालाय. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावी. रिक्षा स्टँडवरची ‘राणी’ गाडीखाली आली की स्टँडवरचे चार रिक्षावाले दिवसभर गप्प असतात. फुलवाली बाई तिच्यावर उरलेली झेंडूची फुलं टाकते. ते कुत्रं कोणाच्याच मालकीचं नव्हतं, म्हणून त्यांच्या दुःखाला तर आणखीच जागा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण बातमीत ‘कुत्र्यांचा उच्छाद’ आणि ‘कुत्र्यांची दहशत’ छापत आलो. त्या रिक्षावाल्यांची बातमी कुठल्याच कॉलमात बसत नाही.

आता ज्यांच्या घरात हे नुकतंच घडलंय त्यांच्याशी थोडं बोलतो. मी डॉक्टर नाही. वीस वर्षं माणसांशी बोलतोय आणि स्वतः त्यातून गेलोय, त्या अधिकाराने.

पोरांना खोटं सांगू नका. ‘त्याला गावाला शेतावर सोडलं’ हे आपल्याकडचं लाडकं खोटं आहे. पोर दोन वर्षांनी विचारतं, मग आपण भेटायला का गेलो नाही? आणि मग तुमच्या बाकीच्या गोष्टींवरही त्याचा विश्वास उरत नाही. तो मेला, शब्द हाच वापरा. मृत्यू म्हणजे काय हे बऱ्याच मुलांना पहिल्यांदा घरातलं जनावर शिकवतं. ते शिकणं अर्धवट ठेवू नका.

ज्यांना शेवटच्या इंजेक्शनचा निर्णय घ्यावा लागला, त्यांच्या मनातलं ओझं सर्वात जड असतं. ‘मीच मारलं का?’ हा प्रश्न रात्री छातीवर बसतो. ते इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचा मोठा डोस. जनावर आधी गाढ झोपतं आणि मग हृदय थांबतं, वेदना जाणवत नाही. जो प्राणी खात नाही, उठत नाही, श्वासाला धडपडतोय, त्याच्यासाठी आजाराने निर्णय आधीच घेतलेला असतो. तुम्ही फक्त शेवटची वेदना कमी केली. शक्य असेल तर त्या वेळी बाहेर उभे राहू नका. हात त्याच्या डोक्यावर ठेवा.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याच्याकडे लक्ष द्या. इटलीतल्या संशोधकांनी 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरातल्या दोन कुत्र्यांपैकी एक गेलेलं आहे, अशा 426 मालकांना त्यांनी विचारलं. बहुतेकांनी सांगितलं की मागे राहिलेलं कुत्रं बदललं, कमी खेळलं, कमी खाल्लं, जास्त झोपलं, माणसाला चिकटून राहिलं. त्याला दुःख म्हणायचं का यावर संशोधक सावध आहेत. पण त्याची फिरण्याची आणि जेवणाची वेळ मोडू नका, एवढं तर आपण करू शकतो.

लगेच दुसरं पिल्लू आणू नका आणि कोणी आणून देऊ पण नका. ‘दुसरा घ्या की’ हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलं जातं, मला माहीत आहे. पण मिक्सर बिघडला तर दुसरा घेतात. नव्या पिल्लालाही तो अन्याय असतो, कारण त्याला दिवसभर गेलेल्याशी तोललं जातं. मन होईल तेव्हा आणा. सहा महिने लागोत, सहा वर्षं लागोत. कधीच नाही आणलं तरी चालेल.

त्याचा पट्टा, ताटली, चादर लगेच टाकून द्यायची घाई नको. आणि देव्हाऱ्यासारखी मांडून ठेवायचीही सक्ती नको. उरलेलं खाणं रस्त्यावरच्या कोणाला घाला. उरलेली औषधं मात्र दुसऱ्या कुत्र्याला स्वतःच्या मनाने देऊ नका, डॉक्टरांना परत नेऊन द्या.

आणि आठवडे उलटले तरी झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर ‘कुत्र्यासाठी डॉक्टरकडे कसं जाऊ’ असं म्हणत थांबू नका. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416. तिथे कोणासाठी रडताय याची परीक्षा घेत नाहीत. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांच्या मुलांनी तर हे नीट लक्षात ठेवा. पुण्याहून, बंगळुरूहून, न्यू जर्सीहून फोन करताना ‘जेवलात का’ याच्याबरोबर ‘आज फिरायला गेला होता का’ हेही विचारा.

शेजाऱ्यांकडून मागणं फार मोठं नाही. ज्याचं कुत्रं गेलं त्याच्याकडे एकदा जा. तुम्हाला कुत्री आवडत नसली तरी जा. समोरच्याचे सासरे तरी तुम्हाला कुठे आवडत होते, तरी गेलातच ना? चहा घ्या, ‘कसा होता हो तुमचा?’ एवढंच विचारा आणि ऐका. दहा मिनिटांत माणूस तुम्हाला त्याच्या चोऱ्या सांगेल, कुठली चप्पल फाडली ते सांगेल, आणि बोलता बोलता हसेलही. दुःखाला हसू फुटलं की माणूस सावरायला लागतो, एवढं मी पाहिलंय.

माझ्यापुरतं सांगायचं तर येत्या आठवड्यात वरच्या पाच मागण्यांचं निवेदन मी दोन्ही महापालिकांत देणार आहे. माझ्या एकट्याच्या सहीने त्याला वजन येणार नाही. ज्यांना सोबत सही करायचीय त्यांनी इथे लिहा, प्रभाग कोणता तेही लिहा. आणि तुमच्याकडचं जे कोणी गेलं असेल, कुत्रं, मांजर, पोपट, गाय, त्याचं नाव आणि त्याची एक खोड लिहा. निवेदनाला आकडे जोडण्यापेक्षा मला ती नावं जोडायची आहेत. पहिलं नाव मी लिहून ठेवलंय. मोत्या. खोड: पोस्टमन सोडून कोणावरच भुंकला नाही, आणि पोस्टमनवर का भुंकायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.